पीटी सरांची मुळाक्षरं

आमच्या बाळापूरच्या शाळेतले पीटी सर माणसाला नावानं ओळखतच नसत, मैदानावरच्या जागेनं ओळखत. मुख्याध्यापक गोलकीपर, कारण कुठलाही अर्ज ते अडवत. मी चित्रकलेची बाई. मला त्यांनी पहिल्याच दिवशी राखीव खेळाडूंत टाकलं. "बसा बाकावर, मॅडम. येळ आली की बलावतो." मला राग आला होता, खोटं कशाला सांगू!

ती वेळ त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी आली. हॉकीला मुलं येईनाशी झाली होती. निरोपाच्या आधी पहिलीच्या लेकरांच्या हातात हॉकीचं अक्षरांचं पुस्तक द्यायचं, असं सरांनी मनावर घेतलं. "क कबुतराचा कावून, मॅडम? कबुतर उडून जाते. आपण कर्णधाराचा करू." ग गोलचा झाला, श शिट्टीचा. ङ आणि ञ यांना त्यांनी बाकावर बसवलं. चित्रं मी काढायची आणि खेळणाऱ्या सगळ्या मुलीच हव्यात, ही त्यांची अट.

दिवाळीची अख्खी सुट्टी मी त्यात घातली. सरांनी चार पानं उलटली आणि कपाळाला हात लावला.

"या पोरी हॉकी खेळून राह्यल्या का आंगण झाडून राह्यल्या?"

मी डावखुरी. माझ्या साऱ्या मुलींनी स्टिक उलटी धरली होती, उजवा हात वर आणि डावा खाली. हॉकीत डावखुऱ्यांची वेगळी स्टिकच नसते, हे मला कुठून ठाऊक असणार! कोण बघतंय एवढं, असं मी म्हणून पाहिलं.

"लेकरू आधी चित्र पायते, मॅडम, मंग अक्षर. उलटं शिकलं त जल्मभर उलटंच धरीन."

"पण आता परत काढायला वेळ कुठाय, सर?"

"मी उभा रायतो न. तुमी काढा."

मग रोज शाळा सुटली की सर स्टिक घेऊन मैदानात उभे राहायचे. अट्ठावन्नाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यानं, अर्धा अर्धा तास वाकून. मी भराभर रेघा ओढायची आणि त्यांना फ्रॉक नि दोन वेण्या चढवायची. "वेण्या बराबर काढा, मी देखणा आहो," ते ओरडायचे. त्या दिवसांत मला तो माणूस फार आवडायला लागला.

निरोपाच्या दिवशी भाषणं चालू असताना सर मंचावरून उठले आणि पुस्तकं घेऊन पहिलीच्या वर्गात जाऊन बसले. जूनमध्ये त्या वर्गातल्या सात मुली स्टिक मागायला आल्या.

गेल्या वर्षी सर गेले. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्यांच्या घरी मी भेटायला गेले, तेव्हा काकू म्हणाल्या, "जल्मभर खेळले, पण त्याईचा खेळतानाचा एक फोटो नाई पाहा घरात." मी पर्समधलं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. पानं उलटता उलटता एका चित्रावर त्या थांबल्या. मग त्यांनी अंगठ्यानं वेण्या झाकल्या.

"हे त तेच आहेत," त्या म्हणाल्या.