आप्पा, हलू नका

"सुमे, हात आत घे. खिडकीतनं हात आत घे," आप्पा ओरडत होते. गाडी अजून हललीही नव्हती. मी जर्मनीला निघाले त्या सकाळी सोलापूर स्टेशनात खिडक्यांबाहेर होते तेवढे सगळे हात आत गेले, पलीकडच्या गाडीतलेसुद्धा. चाळीस वर्षं यंत्रमाग चालवलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. आमच्या घरातलं गुपित अक्कलकोटला आधी कळायचं. आई मात्र शेंगाचटणीच्या डब्याचं झाकण पुन्हापुन्हा दाबून बघत होती.

गल्लीत दिवसभर मागांचा खडखडाट. वीज जाऊन तो थांबला की तान्ही पोरं दचकून उठायची.

जर्मनीत मी काय करते, हे गल्लीतल्यांना दर सुट्टीत थोडं वाढवूनच सांगते. खरं एवढंच: माणसाला चुंबकाच्या बोगद्यात झोपवून मेंदूतली रसायनं मोजायची. सुई नाही, चिरफाड नाही. प्रत्येक रसायनाचा सूर वेगळा, आलेखावर शिखर वेगळं. अडचण मेंदूतल्या पाण्याची. त्याचा आवाज आप्पांसारखा; आधी तो दाबावा लागतो, तेव्हा कुठे बाकीच्यांचं ऐकू येतं.

आई गेली. एकटे आप्पा गॅस चालू ठेवून विसरायला लागले. मी त्यांना इकडे आणलं. कायमचं, हे मात्र सांगितलं नाही. यंत्राच्या चाचणीला माणूस हवा म्हटल्यावर सही ठोकून ते आत झोपले. अशा एका आलेखावरून विसरण्याचा निकाल लागत नाही, हे विद्यार्थ्यांना मीच शिकवते. तरी चेतापेशी धडधाकट असल्याची खूण मानतात, त्या एका शिखराकडे मी डोळे लावून बसले.

यंत्र खडखडू लागलं, आणि आप्पा आतून ओरडून गप्पा मारायला लागले. मागावर अशीच रीत; खडखडाट सुरू झाला की ओरडून बोलायचं.

"सुमे, जेवलीस का?"

"आप्पा, हलू नका," मी माइकवरून म्हटलं. "जबडासुद्धा."

"हलत न्हाय की. बोलतुय."

सगळी शिखरं वितळून एक टेकाड झालं. पुन्हा मोजलं, पुन्हा टेकाड. तिसऱ्यांदा मी मोजणी बघायची सोडून नुसती ऐकत बसले. खडखडाटातून 'जेवलीस का' ऐकून किती वर्षं झाली होती.

बाहेर आल्यावर हिय्या करून विचारलं, "आप्पा, आता इथंच राहता का माझ्याजवळ?"

आप्पांनी यंत्राकडे एकदा बघितलं, चपला घातल्या.

"हितं माग एकच हाय," ते म्हणाले. "करमत न्हाय."