शेंदराखालची कडी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, पाठवलं. आणि थोरल्या भावानं, अण्णानं शाळा सोडून मळा सांभाळला, म्हणून मी शिकलो. त्यांचे उपकार कसे फेडायचे? आणि मी काय केलं —

दसऱ्याच्या सुटीत गावी, सदलग्याला आलो होतो. मळ्यात नवी विहीर खोदणं चाललं होतं. खाली फोडलेला दगड पाटीत भरायचा, साखळीनं वर ओढायचा. ती साखळी पावसाळाभर उघड्यावर पडलेली. खंडेनवमीला हत्यारं घासून, तेल लावून पुजतात — साखळीचं काम आप्पांनी मला दिलं.

"बी.ए. झाल्यावर घासशील व्हय रं?" अण्णा हसला. "आत्ताच घास."

मी विटेनं चार-दोन कड्या घासल्या. गंजाचे पापुद्रे नखांत गेले, किळस आली. उरलेल्या गंजावर मी शेंदूर फासला — चांगला जाड — आणि झेंडू ठेवला. पुजलेलं हत्यार कोण खरवडून बघतं?

दसरा झाला. अण्णानं साखळीला हात जोडले आणि तो विहिरीत उतरला. भरलेली पाटी अर्ध्यावर आली आणि कडी तुटली. साखळीचं टोक उसळून वर आलं, एका गड्याचा गाल फाडून गेलं. खालून फक्त दगडांचा आवाज आला. अण्णाचं ठेचलेलं डोकं धोतरात बांधून त्याचं प्रेत वर आणावं लागलं.

तुटकी कडी उडून माझ्या पायाशी पडली होती. तुटल्या तोंडाला सगळा तांबूस गंज, मध्ये सुईएवढं पांढरं लोखंड, वर माझा शेंदूर. मी ती मुठीत घेतली.

आप्पांनी मल्लाप्पा लोहाराला ओढत आणलं. मागच्या महिन्यात त्यानं साखळीला एक जोड दिला होता.

"तुटकी कडी दावा, आप्पा," तो म्हणाला. "माझा जोड असंल तर हात तोडा माझा."

कडी कुणालाच सापडेना. आप्पा माझ्याकडे वळले. "तू नीट घासली व्हतीस नव्हं?"

"व्हय," मी म्हणालो.

मग त्यांनी त्याच साखळीनं मल्लाप्पाचा उजवा हात मोडला. तो ओरडत होता, आणि मी — मी मूठ आणखी घट्ट केली.

मल्लाप्पानं पुन्हा घण उचलला नाही. मी बी.ए. झालो. आप्पा गेले ते त्यालाच शिव्या देत. मी उशाशी बसून ऐकत होतो.