उजेडमावशीचा अंगठा

उजेडमावशी कुठलीही वस्तू उजेडात धरून पाहिल्याशिवाय घेत नसे. अंडं, लुगडं, टपालाचं पाकीट, काचेच्या पेल्यातला चहा, काहीही असो. ती आधी उठून दारात जायची, वस्तू उन्हाकडे धरायची, एक डोळा बारीक करायची आणि मगच "ठीक हाय" म्हणायची. मी त्या गावात मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिल्या दिवशी तिने मलाही असंच पाहिलं. मी दारात उभा होतो, ऊन माझ्या पाठीमागे होतं. तिने मला खांद्याला धरून वळवलं, माझं तोंड उन्हात आणलं आणि बराच वेळ न्याहाळलं. "ठीक हाय" मात्र म्हणाली नाही.

गावाचं नाव मी सांगत नाही. प्रवरेच्या कालव्याच्या पट्ट्यातलं, श्रीरामपूरहून मोटारीने तासाभरावरचं बाजाराचं गाव, एवढं पुरे. ज्यांचं ते आहे त्यांना कळेल. ज्यांना ते कळू नये असं वाटतं, त्यांची नातवंडं अजून तिथेच आहेत. लढाई संपत आली होती. चोहीकडे ऊस उभा आणि साखर रेशनवर, असे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, कागद मिळत नव्हता. मिशनच्या प्राथमिक शाळेत मी नवा, अजून कायम न झालेला शिक्षक होतो आणि शाळेमागच्या आळीत बायकोला घेऊन राहत होतो. आळी बहुतेक ख्रिस्ती घरांची, मधे दोन-चार कुंभारांची. आळीच्या तोंडाशी पहिलं घर मावशीचं. तिचं खरं नाव मार्था होतं, पण पाळकसाहेब सोडले तर तिला त्या नावाने कोणी हाक मारत नसे.

मावशी अंडी विकायची. थोडी घरच्या कोंबड्यांची, बाकीची वस्त्यांवर फिरून गोळा केलेली. कोंडा घातलेल्या पाटीत ती मांडून बाजारात बसायची. गिऱ्हाईक आलं की मुठीची नळी करून तीत अंडं धरायची, नळी सूर्याकडे करायची आणि गिऱ्हाइकालाच आत बघायला लावायची. "माज्यावर इस्वास ठिवू नगा, बगून घ्या," असं म्हणणारी विकणारीण मी दुसरी पाहिली नाही. लोक तिला हसत, पण तिचं अंडं कधी नासकं निघालं नाही.

मिशनच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थनेच्या वेळी सगळे डोळे मिटत. मावशी मिटत नसे. मागच्या बाकावर बसून ती सगळ्यांकडे पाहत राही. पाळकसाहेबांनी एकदा तिला हटकलं, तर म्हणाली, "समद्यांनी डोळं मिटल्यावर एकानं तरी उगडं ठिवावं, सायेब. भायेर वहाना हायती." पाळकसाहेब हसून पुढे गेले. मला मात्र तिचा राग यायचा. आपण डोळे मिटून प्रार्थना करतोय आणि मागून एक बाई आपल्याला निरखते आहे, ही जाणीव काही सुखाची नसते.

तिच्या संशयाला कारण होतं, आणि ते तिने मला एकदाच सांगितलं, तेही निवडून ठेवलेली अंडी मोजता मोजता. तिचा नवरा कालव्याच्या कामावर होता. आजारी पडला तेव्हा मुकादमाने घरी येऊन रजेच्या अर्जावर त्याचा अंगठा नेला. बरा होऊन कामावर गेला तर कळलं, तो अर्ज रजेचा नव्हता, राजीनाम्याचा होता. पुढे दोन वर्षांत तो गेला. "कागूद वाचता येत न्हाई म्हून न्हाई गेला," ती म्हणाली. "कागूद बगितलाच न्हाई म्हून गेला." या दोन गोष्टींत फरक काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात आळीत खुंट्या आल्या. उसाच्या लॉऱ्यांना कारखान्याकडे जायला रस्ता अपुरा पडत होता आणि तो आमच्या आळीतून रुंद करायचं ठरलं होतं. ओव्हरसियरने फीत धरली आणि लाल टोकाच्या खुंट्या ठोकल्या. सगळ्या आमच्याच बाजूला. प्रत्येक घराची पुढची खोली जात होती, आणि आळीतल्या बहुतेक घरांना पुढची खोली सोडली तर फारसं काही नव्हतंच. समोरच्या बाजूला एक लांबलचक दगडी भिंत होती. ती आमच्या पंचांच्या गोदामाची. तिला खुंटी शिवली नव्हती.

पंच म्हणजे गावचं मोठं प्रस्थ. शाळेच्या कमिटीवरही तेच. त्यांनी संध्याकाळी आळीत येऊन सांगितलं की ते आळीच्या पाठीशी आहेत, एक वीट हलू देणार नाहीत आणि तालुक्याला अर्ज करतील. लोकांना भरून आलं. मलाही आलं. मावशी तेवढी ओट्यावर बसून गोदामाकडे बघत होती. पंच गेल्यावर मला म्हणाली, "भिंत त्यांची हलत न्हाई. मंग ह्यांच्या पोटात का दुकतंय?"

"मावशी, कधीतरी माणसाचं चांगलं बघावं," मी म्हणालो.

"बगते की. पर उजेड पायजे."

दोन दिवसांनी पंचांनी मला बोलावलं, शेजारी बसवलं आणि एक फुलस्केप कागद माझ्या हातात दिला. अर्ज सरकारी नमुन्यात लागतो, नमुना तालुक्याहून यायचा आहे, तोवर अंगठे घेऊन ठेवा, म्हणाले. लोक उसाच्या तोडीला पांगले की पुन्हा एकत्र सापडायचे नाहीत, आणि कागदाची अशी टंचाई की खाडाखोड झाली तर दुसरा मिळायचा नाही. नमुना आला की मजकूर तुम्हीच तुमच्या अक्षरात वर लिहा. सगळं पटण्यासारखं होतं. खरं सांगायचं तर ते नसतं पटलं तरी मी कागद घेतला असता. कमिटीवरचा माणूस आपल्याला 'मास्तर' म्हणून जवळ बसवतो, तेव्हा बरं वाटतं.

रविवारी उपासना संपल्यावर मी देवळाच्या ओसरीवर शाईची गादी घेऊन बसलो. एकोणतीस अंगठे झाले. ज्यांना सही येत होती त्यांनीही, बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसू नये म्हणून, अंगठाच दिला. शेवटी मावशी आली. तिने कागद उचलला, पायरी उतरून उन्हात नेला, उलटसुलट केला.

"ह्यात तर काईच न्हाई."

"मजकूर नंतर लिहायचा आहे, मावशी."

"मंग अंगठा बी नंतर."

मी समजावलं, पाळकसाहेबांनी समजावलं, बायकांनी तर तिच्या सात पिढ्या काढल्या. तिने कागद माझ्या पुढ्यात ठेवला आणि ती चालू लागली. मी तो त्याच दुपारी पंचांच्या वाड्यावर नेऊन दिला. नमुना आल्यावर ते मला बोलावणार होते.

आळीला आता संशय घ्यायला जागा सापडली, आणि ती जागा म्हणजे मावशी. एकटीने अंगठा दिला नाही, म्हणजे आतून काहीतरी शिजलंय. पंचांच्या विरुद्ध बोलते ते दाखवायला. रस्तेवाल्यांनी हिला पक्कं घर कबूल केलंय. कोणी म्हणालं, ओव्हरसियरला अंडी हीच देते. लोकांनी तिची अंडी घेणं बंद केलं. मीही माझ्या बायकोला सांगितलं, आपण घ्यायची नाहीत. बायकोला तेव्हा सातवा महिना होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खिडकीच्या कठड्यावर नारळाच्या करवंटीत दोन अंडी होती. तिसऱ्या दिवशीही होती. हे कशासाठी चाललंय, आपल्याला फितवायचं आहे की काय, असं माझ्या मनात आलं. मी एक अंडं मुठीत धरून उन्हाकडे करून पाहिलं, आणि आपण काय करतोय हे लक्षात येऊन शरमलो. बायकोने माझ्या हातातून अंडं काढून घेतलं आणि चुलीवर पाणी ठेवलं.

मला बोलावणं आलं नाही. आला तो थेट महसुलाच्या सर्कल कचेरीतला कारकून. त्याने आळीत उभं राहून कागद वाचला: "आम्ही खाली अंगठे करणारे, रस्त्याकरिता आमच्या घरांपुढील जागा राजीखुशीने देत आहोत." खाली एकोणतीस अंगठे. अक्षर माझं नव्हतं, पण कागद घेऊन बसलो होतो मी. लोक माझ्याकडे कसे बघत होते ते मी अजून विसरलेलो नाही. कारकून म्हणाला, फक्त एका घराची संमती नाही, तेव्हा पुढच्या आठवड्यात मामलेदारसाहेब स्वतः येऊन चौकशी करतील. त्या एका घराकडे कोणी वर मान करून पाहीना.

चौकशी चावडीत झाली. आळीतल्या लोकांनी सांगितलं, कागद कोरा होता. पंच शांतपणे म्हणाले, लोकांचं मन बदललंय, आता असं बोलणारच. मजकूर आधीच होता, मास्तरांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला होता. मास्तर इथेच आहेत, विचारा. आणि माझ्याकडे बघून हसले. पुढच्याच महिन्यात कमिटीपुढे मला कायम करण्याचा ठराव यायचा होता. घरी बायको अवघडलेली. मी काय बोलणार होतो, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. बहुधा "आठवत नाही" म्हणालो असतो.

तेवढ्यात मागून मावशी उठली. "सायेब, मास्तरला इचारू नगा. मास्तर खरं बोलायचे न्हाईत."

मामलेदारांनी चष्मा वर केला. "का?"

"त्यांची नोकरी पंचांच्या हातात हाय. बायकू पोटुशी हाय. भला मानूस हाय, पर खरं बोलायचा न्हाई. उगा त्यांना पापात पाडू नगा."

भर चावडीत, आळीसमोर, माझ्या विद्यार्थ्यांच्या बापांसमोर. मला इतका संताप आला की मी उभा राहिलो. कागद कोरा होता, म्हणालो. मीच कोऱ्या कागदावर अंगठे घेतले, मीच तो पंचांच्या हातात दिला, त्यावर काय लिहिलं गेलं हे आळीइतकंच मलाही कारकुनाने वाचलं तेव्हा कळलं. मामलेदारांनी सगळं लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं आणि मी सही केली. सही करण्याआधी मजकूर संपला तिथपासून सहीच्या जागेपर्यंतच्या मोकळ्या भागावर आडवी रेघ मारली. ते मला कोणी सांगितलं नव्हतं. हात आपसूक गेला.

ती संमती रद्द झाली आणि रस्ता त्या वेळेपुरता बैलबाजाराच्या मागून गेला. मी मावशीवर आठवडाभर रुसलो होतो. मग न राहवून तिच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि विचारलं, "मी खरं बोलणार नाही असं तुम्हाला खरंच वाटलं होतं, की मला बोलतं करायला म्हणालात?"

तिने हातातलं अंडं मुठीच्या नळीत धरलं. "आत काय हाय ते वरून कुटं कळतंय, मास्तर," ती म्हणाली आणि अंडं कोंड्यात ठेवून दिलं. याहून जास्त मला कधीच कळलं नाही.

ठराव आला नाही. आली ती बदली. तिसगावकडे, कोरडवाहू मुलखात, एका मास्तराची शाळा. बायकोला आणि महिन्याच्या मुलीला घेऊन मी मोटारीची वाट बघत बाजारात उभा होतो. आळीतले बरेच लोक आले होते. मावशी सगळ्यांत शेवटी आली. मुलीला तिने उन्हात धरलं, एक डोळा बारीक केला आणि म्हणाली, "ठीक हाय." मग पदराखालून घडी केलेला फुलस्केप कागद काढला. त्या दिवसांत तो तिने कुठून मिळवला, देव जाणे.

"हे ठिव," ती म्हणाली. एरवी ती मला अहोजाहो करायची.

मी घडी उघडली. कागदाच्या अगदी तळाशी निळ्या शाईचा एक अंगठा होता. वरचा सगळा कागद कोरा.

"मावशी, यावर काय लिहायचं?"

"खुट्या परत येनार. मी असंन नसंन. तवा काय लिवायचं ते तुला कळंल."

मोटार आली. खिडकीतून पाहिलं तेव्हा ती डोळ्यांवर हात धरून, एक डोळा बारीक करून मोटारीकडे बघत होती.

तिचं म्हणणं खरं ठरलं. काही वर्षांनी खुंट्या परत आल्या आणि त्या वेळी आळी अर्धी गेली. मला तिसगावला कळलं तेव्हा पाडापाड होऊन गेली होती, आणि मावशीला जाऊन वर्ष उलटलं होतं. गेलेल्या माणसाचा अंगठा कुठल्याही कचेरीत चालत नाही. तरी मी पेटीतून कागद काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ दौत उघडून बसलो होतो.

आजही कुठे सही करायची वेळ आली की मी कागद आधी खिडकीत नेतो आणि मोकळ्या जागेवर रेघ मारतो. बँकेतल्या पोरी हसतात. मावशीचा कागद अजून माझ्याजवळ आहे, कडा पिवळ्या झाल्यात, अंगठा स्पष्ट आहे. मी तिच्याकडून जे शिकलो ते पाळायचं तर त्याही कोऱ्या जागेवर रेघ मारून टाकायला हवी. तेवढं मात्र माझ्याच्याने अजून झालेलं नाही.