दुसऱ्या कुत्र्याच्या पेशी

डॉक्टर मॅडमनी सिरिंज उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, "निरोगी सांध्यातलं पाणी चिकट असतं, गुळाच्या पाकासारखी तार धरतं. हे बघा, पातळ आहे आणि गढूळ."

टेबलावर आमचा कुत्रा गुंगीच्या इंजेक्शनमुळे निपचित पडला होता. त्याच्या चार सांध्यांमधून त्यांनी असं पाणी काढलं. चारही वेळा ते गढूळच होतं.

"इम्यून मीडिएटेड पॉलिआर्थ्रायटिस," त्या म्हणाल्या. मग खुर्ची ओढून समजावून सांगू लागल्या. पॉलिआर्थ्रायटिस म्हणजे एकाच वेळी अनेक सांध्यांना आलेली सूज. आणि इम्यून मीडिएटेड म्हणजे शरीराची जी ताकद रोगजंतूंशी लढायची, तीच उलटून स्वतःच्या सांध्यांवर गेलेली.

मला जास्त समजवावं लागलं नाही. गेली कित्येक वर्षं मला संधिवात आहे. सकाळी उठल्यावर माझी बोटं मिटत नाहीत. प्राथमिक शाळेत शिकवत होते तेव्हा पहिल्या तासाला खडू धरणं जड जायचं. त्या टेबलापाशी उभी असताना मला एवढंच वाटलं, अरेरे, याला तर सांगताही येत नाही.

कुत्र्याचं नाव कंडक्टर. माझे यजमान एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर स्टँडजवळ सापडलेलं एक तपकिरी पिल्लू शर्टात घालून घरी घेऊन आले. मी नको म्हणायच्या आत त्यांनीच सांगून टाकलं, "माझ्या गाडीला कंडक्टर लागतोय की." तेव्हापासून कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत दोघं बरोबरच दिसायचे.

आजाराची सुरुवात साधी होती. तो उजवा पुढचा पाय उचलून चालायला लागला. मुरगळला असेल म्हणून आम्ही हळद लावली. दोन दिवसांनी तो पाय बरा झाला आणि मागचा डावा दुखायला लागला. मग ताप आला. तुमच्याही कुत्र्याचं लंगडणं असं या पायावरून त्या पायावर जात असेल, तर हळद लावत बसू नका. आमचे दहा दिवस त्यात गेले.

गोचिडांमुळे येणाऱ्या तापाची तपासणी झाली, ती स्वच्छ निघाली. सांध्याच्या पाण्यात जंतू वाढतात का तेही पाहिलं, वाढले नाहीत. मग स्टिरॉइड सुरू झालं. आठवड्यात तो चालायला लागला आणि आम्हाला वाटलं, सुटलो.

पण गोळी कमी केली की सूज परत यायची आणि वाढवली की दुसरे त्रास. सतत तहान, सतत भूक, पोट सुटलेलं, पाठीचे स्नायू वितळल्यासारखे. ज्यानं कधी घरात घाण केली नव्हती, तो पाणी पिऊन दारापर्यंत पोचायच्या आत ओलं करायचा आणि मान खाली घालून कोपऱ्यात उभा राहायचा. एके सकाळी त्याची शी डांबरासारखी काळी झाली. पोटात रक्तस्राव होत होता. दुसरं औषध देऊन पाहिलं, तर लिव्हरच्या तपासण्या बिघडल्या.

तेव्हा मॅडमनी एका संशोधनाबद्दल सांगितलं. आमच्यापासून चार-पाच तासांवर एका संशोधन केंद्रात कुत्र्यांच्या सांध्यांच्या सुजेवर नवा उपचार तपासत होते. इंजिनिअर्ड स्टेम सेल. स्टेम सेल म्हणजे मूलपेशी. निरोगी कुत्र्याच्या चरबीतून त्या घेतात, प्रयोगशाळेत वाढवतात आणि त्यांच्यात एका जनुकाची भर घालतात. त्यामुळे सूज शांत करणारं एक प्रथिन त्या नेहमीपेक्षा जास्त तयार करतात. मग त्या आजारी कुत्र्याच्या शिरेतून सोडतात.

यजमान ऐकून उठलेच. "म्हंजे प्रयोग. आपलं कुत्रं काय उंदीर हाय व्हय? त्याला कोन इचारलंय?"

शेवटचा प्रश्न माझ्या मनातून आजही जात नाही. माझ्या हातांवर कुठलं औषध घ्यायचं हे मी ठरवू शकते. त्याच्या वतीनं ठरवताना मात्र माझं मन दहा वेळा मागं-पुढं झालं. माझ्या नणंदेनं वेगळंच सुचवलं, "किती हाल करणार? इंजेक्शन देऊन झोपवून टाका की त्याला." ती वाईट हेतूनं बोलली नव्हती. त्या दिवशी यजमान जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "जाऊन ऐकून तरी येऊया."

केंद्रातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी मराठीत छापलेला अर्ज आमच्यासमोर ठेवला आणि एकेक ओळ वाचून दाखवली. ताप येऊ शकतो. ॲलर्जी होऊ शकते. क्वचित पेशींच्या गुठळ्या फुप्फुसात अडकू शकतात. बऱ्याच वर्षांनी काय होईल हे कुणालाच माहीत नाही. शिवाय काही कुत्र्यांना पहिल्या वेळी पेशी मिळणारच नाहीत, तुलनेसाठी नुसतं सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, मिळेल. कुणाला काय मिळालं हे आम्हालाही कळणार नाही आणि त्यांनाही. नेहमीच्या गोळ्या कमी मात्रेत सगळ्यांना चालू राहतील आणि कधीही बाहेर पडता येईल.

यजमानांनी विचारलं, "डॉक्टर, तुमचं कुत्रं असतं तर केली असतीसा का सही?"

डॉक्टरांनी अर्ज खाली ठेवला. "घाबरलो असतो. सही केली असती का, खरंच सांगता येत नाही."

बाहेर आल्यावर यजमान म्हणाले, "ब्रेक लागंल का न्हाई ते ठावं न्हाई, असं तोंडावर सांगनारा मेकॅनिक बरा. कर सही."

तिथल्या बाकावर आमची बसाप्पांशी ओळख झाली. गडहिंग्लजकडचे शेतकरी. त्यांची गौरी, लांब पायांची, शिकारी जातीची कुत्री, पोत्यावर पडून होती. तिलाही हेच दुखणं. यजमानांनी "पावणं, कुठलं गाव?" विचारलं आणि गाव ऐकताच तिथला एसटीचा थांबा, वळण, वडाचं झाड सगळं सांगितलं. त्या रस्त्यावर त्यांनी कित्येक वर्षं गाडी चालवली होती. बसाप्पा मला म्हणाले, "अक्का, हिला ससा दिसला तर डोळं चमकत्यात अजून. पाय तेवढं उठत न्हाईत."

कंडक्टरला शिरेतून औषध दिलं, तासभर चाललं. बाटलीला कव्हर घातलं होतं, आत काय ते दिसत नव्हतं.

पाचव्या दिवशी तो जिन्याच्या तीन पायऱ्या चढला. यजमानांनी गल्लीभर सांगितलं. मी रोजच्या नोंदींच्या वहीत लिहिलं, 'खूप फरक.' सहाव्या दिवशी, 'छान.' सातव्या दिवशी, 'शेपटी हलवतो.'

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी त्याला एका चटईवरून चालवलं. कुठला पाय किती भार घेतो हे ती चटई मोजते. डॉक्टर म्हणाले, "यात अजून फरक दिसत नाही." मला राग आला. चटईला काय कळतं, असं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात सूज परत आली, पहिल्यासारखीच.

पहिला टप्पा संपल्यावर, कुणाला काय दिलं ते लिहिलेलं बंद पाकीट उघडलं. कंडक्टरला सलाईन मिळालं होतं.

"मग जिना कोन चढलं?" यजमान एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "हा आजार आपोआपही वर-खाली होतो. आणि आपण सगळेच आशेनं बघत असतो. मीसुद्धा. म्हणून तर चटई ठेवावी लागते."

मला फार लाज वाटली. सगळा जन्म मी मुलांचे पेपर तपासले, आणि माझ्या लाडक्या विद्यार्थ्याला मात्र न बघताच पैकीच्या पैकी मार्क देऊन मोकळी झाले.

सलाईन मिळालेल्यांना आता खऱ्या पेशी मिळणार होत्या. या वेळी औषध चालू असतानाच तो थरथरायला लागला, अंग तापलं. बाटली थांबवली. डॉक्टर त्याच्याजवळ जमिनीवरच बसून राहिले. यजमान त्याचा पंजा धरून होते. तासाभरात तो शांत झाला आणि उरलेलं औषध अगदी संथ गतीनं दिलं.

मी नवी वही केली. 'छान' हा शब्द लिहायचा नाही असं ठरवलं. झोपेतून उठून उभं राहायला किती सेकंद लागतात, किती वेळा आपणहून दारापर्यंत गेला, जेवण किती, एवढंच लिहायचं. तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं जरूर करा. आपलं मन आपल्याला काय काय दाखवतं, हे वहीशिवाय कळत नाही.

तीन आठवडे वहीतले आकडे होते तिथेच होते. चौथ्या आठवड्यात सेकंद कमी व्हायला लागले. माझा विश्वास बसला नाही, म्हणून यजमानांना घड्याळ धरायला लावलं. पुढच्या तपासणीत चटईनंही होकार दिला. मॅडमनी गोळी थोडी कमी केली, पुन्हा थोडी, आणि सूज परत आली नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, "त्या दुसऱ्या कुत्र्याच्या पेशी आता याच्या अंगात राहणार का?"

"नाही. काही दिवसांत त्या निघून जातात. त्यांनी दिलेला निरोप मागे राहतो. किती दिवस, तेच आम्ही बघतोय."

आज कंडक्टर पूर्वीच्या मात्रेच्या पाव भागावर आहे. तो पूर्ण बरा झाला असं मी म्हणणार नाही. थंडीत अडखळतो, आणि पेशी पुन्हा द्याव्या लागतील असं डॉक्टर सांगतात. पण आता तहान-भुकेचा तो हावरेपणा नाही, आणि संध्याकाळी यजमानांबरोबर कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापर्यंत जाऊन येतो.

गौरीला पहिल्याच वेळी खऱ्या पेशी मिळाल्या होत्या. तिला गुण आला नाही. तिच्या सांध्यांची हाडंच झिजून गेली होती. शेवटी बसाप्पांनी डॉक्टरांना बोलावून, तिचं डोकं मांडीवर घेऊन तिला निरोप दिला. यजमान त्यांना भेटायला गेले होते. घरी आले आणि कितीतरी वेळ कंडक्टरच्या शेजारी खालीच बसून राहिले.

गेल्या महिन्यात बसाप्पा कोल्हापुरात आले होते, आमच्या घरी आले. मला संकोच वाटत होता, आमचा चालणारा कुत्रा त्यांना कसा दाखवायचा. पण त्यांनी दारातच विचारलं, "कुठं हाय त्यो?" कंडक्टर उठून त्यांच्याकडे गेला, त्यांचे पाय हुंगत राहिला. बसाप्पा त्याच्या गुडघ्यांवरून हात फिरवत बसले. चहा निवून गेला.

मी म्हणाले, "गौरीला गुण यायला पाहिजे होता हो."

"व्हय अक्का," ते म्हणाले. "पर तिला उपेग झाला न्हाई, ते बी डाक्टरांनी लिवून घेतलंय. हाडं झिजायच्या आदी द्याय पायजे, हे तिच्यावरनं कळलं म्हनत्यात. आता दुसऱ्याचं कुत्रं लवकर नेतील की."

मला कुणाकुणाचे आभार मानायचे आहेत. आमच्या मॅडमचे, त्या तरुण डॉक्टरांचे, ज्याच्या चरबीतून पेशी घेतल्या त्या कुठल्याशा कुत्र्याचे. पण या सगळ्यांच्या आधी गौरीचे. मी तिला एकदाच पाहिलं, पोत्यावर पडलेली, आणि त्या दिवशी मला फक्त आमच्याच कुत्र्याची काळजी होती.