मिरवणुकीतली लाल गाडी

सुलोचनामामींचं नाव आधी घेतो. त्या नसत्या तर आज शारजात जुन्या गाड्या उघडून मी पोट भरत नसतो, लातुरातल्या कुठल्यातरी क्लासच्या मागच्या बाकावर कुजलो असतो. काही आठवड्यांपूर्वी त्यांचाच फोन आला. "गोविंद, तुझे मामा गेले रे," एवढंच म्हणाल्या. मी गाडीखालून बाहेर आलो, हात पुसले, आणि विचारलं, "त्यांची लाल गाडी कुठंय?" म्हणाल्या, "हाय की. शेडात. झाकून."

अशा लेखात गेलेला माणूस थोर होता असं लिहायची पद्धत आहे. मला ते जमणार नाही. मामांनी मला आणि मी मामांना शेवटपर्यंत सोसलं नाही. आता गोड लिहिलं तर वरून तेच पहिल्यांदा म्हणतील, कॉपी केली यानं.

भूकंपात औशाकडचं आमचं घर बसलं आणि माय त्यात गेली. वडील आधीच नव्हते. मामा जीप घेऊन आले, बहिणीचं तोंड बघितलं, आणि माझ्या मनगटाला धरून मला लातूरला घेऊन गेले. ती पकड त्यांनी पुढं कधी सैल केली नाही. त्यांचा फिजिक्सचा क्लास होता. त्या वर्षांत गल्लोगल्ली क्लास निघत होते, नांदेड, देगलूर, जळकोटकडून पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरत होती, आणि सर म्हणजे देव होते. बहिणीचं पोर डॉक्टर करायचं, असं मामांनी माझ्या वतीनं ठरवून टाकलं. मला पुस्तक उघडलं की मातीचा ढिगारा दिसायचा. हे त्यांना सांगितलं नाही, सांगितलं असतं तर "नाटकं करायलास" म्हणाले असते. दहावीत नापास झालो तेव्हा भरल्या वर्गात मला उभं करून म्हणाले, "हा माझा भाचा. याच्यात करंट जातो, पण उजेड पडत न्हाई." पोरं हसली. मी त्या दिवशी त्यांना मनातून सोडलं.

मामांची एकच हौस होती, ती लाल गाडी. हैदराबादच्या एका जुन्या शौकिनाकडून घेतलेली, दोन दारांची, जमिनीला टेकलेली, जपानी. तिच्यात पिस्टन नव्हते, रोटरी इंजिन होतं, म्हणजे आत तिकोनी रोटर गरगरतात. निकालाच्या दिवशी क्लासचा जो बोर्डात यायचा त्याला शेजारच्या सीटवर बसवून मामा बँड लावून मिरवणूक काढायचे. पण त्या इंजिनाला पळायला आवडतं. बँडमागं रांगायला लावलं की प्लग पेट्रोलनं ओले होतात आणि ते मरतं. एका वर्षी भर चौकात मेलं. दुसऱ्या क्लासची पोरं ढकलायला धावली आणि ओरडत होती, "सर, धक्क्याचे मार्क किती?"

शाळा चुकवून मी एका गॅरेजात जाऊन बसायचो. तिथं जे कानावर पडलं होतं त्या जोरावर जेवताना बोलून गेलो, की ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, कॉइल दमदार लावली, तर ठिणगी जोरात पडेल आणि गाडी हळू चालतानाही मरणार नाही. मामांनी घास खाली ठेवला. "बसव. मिरवणुकीत बंद पडली न्हाई तर शाळा सोड, जा गॅरेजात, माझी ना न्हाई. पडली, तर परत दहावीला बसायचं आणि पान्याला हात लावायचा न्हाई." मामी वाढत होत्या. म्हणाल्या, "मी ऐकलंय बरं का दोघांचं."

मामी देगलूरच्या, त्यांचा भाऊ हैदराबादला. त्यांनी भावाच्या मागं लागून भंगार बाजारातून त्याच गाडीच्या पुढच्या मॉडेलचा डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा डबा, आणि कॉइली मिळवल्या. बसच्या ड्रायव्हरबरोबर पार्सल आलं. मी बसवलं, चावी दिली, आणि सायलेन्सरमधून असा बार निघाला की अख्खा क्लास खिडकीत आला. मामा खडू हातात घेऊनच खाली उतरले.

"एका रोटरला प्लग किती?"

"दोन."

"आधी कोणता पेटतो?"

"खालचा."

"आणि तू कोणता पेटवलास?"

मी वायरींकडं बघितलं. वरच्या खाली, खालच्या वर. त्यांच्या प्रश्नांची मी बरोबर दिलेली उत्तरं तेवढीच. "गाढव," म्हणाले आणि वर शिकवायला गेले.

निकालाच्या दिवशी गाडी बँडमागं मांजरासारखी चालली. मी बाजूनं चालत होतो, कान इंजिनाला लावून. चौक गेला, बाजार गेला. शेवटी क्लासच्या दारात गाडी ओवाळायला थांबली. बोर्डात आलेली पोरगी आत बसलेली, इंजिन चालू, मामी ताट घेऊन खिडकीत वाकल्या... आणि आवाज गेला.

"बंद पडली, गोविंद," मामा म्हणाले. "सोमवारपासून वर्गात."

मामी तशाच वाकलेल्या होत्या. आवाज चढवला नाही. "बंद न्हाई पडली. तुम्ही चावी फिरवली. म्या बघितलं."

बँडवाले थांबले. पालक, पोरं, शेजारचे दुकानदार, सगळे उभे. सरांना सरांच्या दारात असं कुणी बोललं नव्हतं. मामांनी चावी परत फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "जा."

मी गेलो, आधी गॅरेजात, पुढं शारजाला. मामा मामींशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. मीठ पाहिजे असलं तरी भिंतीला सांगायचे. माझा फोन उचलला की हॅलोसुद्धा न म्हणता मामींच्या हातात द्यायचे. "तुझ्यात त्यांना तुझी माय दिसायची रे, सोडवेना त्यांना," असं मामी मला अनेकदा म्हणाल्या. मला पटत नाही. ज्याला जपायचं त्याचा असा गळा धरत नाहीत. एक खरं, जुने पॉइंट त्यांनी परत कधी बसवले नाहीत. मिरवणुका चालू होत्या तोवर ते माझ्याच ठिणगीवर फिरले, आणि विचारणाऱ्याला सांगत राहिले, "हैदराबादहून करून आणलं."

आता ती गाडी शेडात आहे. उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील का, रोटर जाम झाला असेल का, काम करता करता माझ्या डोक्यात तेच चालू असतं. मामी फोनवर म्हणाल्या, शेजारच्या सीटला अजून गुलाल आहे. तिथं फक्त बोर्डात आलेली लेकरं बसली. मामी कधी बसल्या नाहीत, त्या कायम खिडकीबाहेर, ताट घेऊन.

मामी, तुमचं माझ्यावर जे आहे ते फेडायला मी येणार आहे. लगेच जमेल असं नाही, इथली सुट्टी माझ्या हातात नाही, पण येणार. प्लग बदलीन, सीट झटकीन, तुम्हाला तिथं बसवीन आणि लातूरच्या गोल बाजाराला, गंजगोलाईला, पूर्ण चक्कर मारीन, अगदी हळू. गाडी बंद पडणार नाही. आणि दारात थांबू तेव्हा ओवाळायचं ताट दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असेल.