विंगेतला लॅपटॉप

एकोडीचे भोजराज धानाचे शेतकरी, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख वेगळीच. बावीस वर्षं त्यांनी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टिंग केलं. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरायच्या, त्या दिवसांत आज या गावी नाटक, उद्या त्या गावी; नटांना पाठांतराला सवड कुठली? विंगेत वही घेऊन बसलेला माणूस कुजबुजेल तेच नट पुढे जाऊन गर्जणार. एकदा तर ऐन वेळी उभ्या केलेल्या बदली नायकाकडून त्यांनी अख्खा तिसरा अंक वदवून घेतला. भोजराज विंगेत असले की नाटक पडत नाही, असं लोक म्हणायचे. टाळ्या त्यांच्या वाट्याला कधी आल्या नाहीत आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. समोरचा अडला की आपल्या तोंडून शब्द निसटायचा, एवढंच त्यांच्या अंगात मुरलं होतं.

आणि पोटी लेक आली ती अडखळत बोलणारी.

तृप्तीला नाव विचारलं की तिच्या आधी भोजराज सांगून मोकळे. शाळेत तेच, दवाखान्यात तेच. साकोलीला नोकरीच्या मुलाखतीला सोबत गेले, तर बाहेरच्या बाकावर गप बसायचं सोडून दारातून डोकावले आणि म्हणाले, "तृप्ती. तृप्ती नाव आहे तिचं, साहेब." साहेब हसले. तृप्ती हसली नाही. बापाची माया आंधळी असती तर परवडली असती. ही बोलकी होती.

पुढे तृप्ती साकोलीतच एका टायपिंगच्या दुकानात लागली, जुना लॅपटॉप घेतला आणि नागपूरच्या मैत्रिणींकडून एक खेळ शिकून आली. टेबलाभोवती बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. आपलं माणूस काय करेल, काय बोलेल, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. बेत साधला की फसला, ते फासा सांगणार. गोष्ट सांगायला बापाहून चांगलं कोण मिळणार? तिनं भोजराजना टायपिंग शिकवलं. नकाशे, राक्षसांचं बळ, कोणी काय विचारलं तर काय उत्तर द्यायचं, सगळं त्यांनी दोन बोटांनी लॅपटॉपात भरलं.

दर रविवारी दुपारी टीव्हीच्या मागून वायर ओढून लॅपटॉप टेबलावर यायचा. झाकण उघडलं की त्याची पाठ खेळणाऱ्यांकडे आणि भोजराज मागे.

"काका, तुमचे निस्ते केसच दिसून राहिले," शेजारचा किराणावाला प्रफुल्ल म्हणायचा.

भोजराज खूश. त्यांना विंग परत मिळाली होती. आणि विंगेसोबत खोडही. तृप्ती खेळात हेमाई नावाची बाई व्हायची, दुष्काळी गावासाठी पाणी शोधत निघालेली. हेमाई बोलता बोलता अडली की झाकणामागून शब्द यायचा. मागच्या रविवारी तिसऱ्यांदा आला, तेव्हा तृप्ती फासे टेबलावर ठेवून उठून गेली.

आठवडाभर ती बापाशी बोलली नाही. शनिवारी जेवताना बोलली. "बाबा, आणखी एक शब्द माझ्या तों... तोंडातून घेतला, तर मी त्या टे... टेबलावर बसणार नाही. कधीच." हे एवढं सांगायला तिला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ तिची आई शोभाताईंनी नवऱ्याचं मनगट धरून ठेवलं होतं.

भोजराजना झोप आली नाही. लोकांसमोर पोरगी आपणहून तोंड उघडते अशी जगात ती एकच जागा होती. आणि ती आपल्या जिभेमुळे जाणार होती.

रविवारी खेळायला चौथा निकेश होता, तृप्तीचा चुलतभाऊ. तो आणि प्रफुल्ल खेळातल्या जंगलात अडकून पडले होते, म्हणून तलावाच्या पाळीवर हेमाई एकटीच पोचली. पाण्याचा राखणदार उठून उभा राहिला. राखणदार अर्थातच भोजराज.

"कोण आहेस? कायले आली?" त्यांनी आवाज जड केला.

तृप्तीनं श्वास घेतला. "पा..."

शब्द अडला. ओठ मिटले, मान किंचित ताणली गेली. निकेश फाशांकडे बघत बसला. भोजराजच्या जिभेवर वाक्य तयार होतं: पाणी सोड, माझं गाव तहानेनं मरून राहिलं. त्यांनी दात आवळले. पण इतक्या वर्षांची खोड ती, तोंड बंद केलं तर बोटांत उतरली. टक, टक, टक. ते वाक्य स्क्रीनवर उमटू लागलं.

तृप्तीची नजर झाकणावर गेली. सगळ्या शांततेत तेवढाच एक आवाज होता, आणि तो कशाचा हे तिला बरोबर कळलं होतं. तिनं खुर्चीच्या दांडीवर हात ठेवला.

झाकणाच्या कडेनं भोजराजना तो हात दिसला. त्यांनी दोन्ही पंजे उचलले आणि मांडीखाली दाबून धरले. आता उठेल. आता खुर्ची सरकेल. कपाळावरचा घाम पुसायलासुद्धा हात मोकळा नव्हता. अडलेला नट समोर उभा आणि आपण मुके, असं त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं. स्क्रीनवर अर्धंच वाक्य होतं: पाणी सोड, माझं गाव.

"पा... पा..." तृप्तीचा हात दांडीवरून सुटला. "पाणी तू... सोता कधी पेला काय?"

भोजराजनी स्क्रीनकडे पाहिलं. पहिला शब्द बरोबर होता. पुढचं सगळं चुकलं होतं. राखणदाराशी लढलं तर काय, त्याला नैवेद्य दाखवला तर काय, रडून विनवलं तर काय, सगळ्याची उत्तरं त्यांनी लिहून ठेवली होती. त्याची तहान कोणी विचारेल, हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. स्क्रीनवरच्या नोंदींत ते खाली सरकत गेले, पुन्हा वर आले. उत्तर नव्हतं. मग आजवर या पोरीच्या तोंडी आपण घातलेले शब्द? त्यातला तिचा एक तरी होता का? त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी झाकण मिटलं. समोर तृप्ती होती, वाट बघणारी.

त्यांनी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. एकेक क्षण जाऊ लागला, तसा प्रफुल्ल चुळबुळला. पुढे वाकून हळूच म्हणाला, "काका, म्हणा ना, हा तलाव माह्या..."

तृप्तीनं हात वर केला.

"थांब, प्रफुल्लभाऊ," ती म्हणाली. "बो... बोलू दे त्याले."

प्रफुल्ल मागे टेकला. भोजराज लेकीच्या त्या उचललेल्या हाताकडे बघत राहिले, आणि तिनं तो त्यांचं बोलून होईपर्यंत खाली घेतला नाही.

"नाही पेलो," ते म्हणाले. "मले कोणी विचारलंच नाही."