लांब शिट्टी, आखूड शिट्टी

एमआरआयच्या फिल्मवर डॉक्टरांनी दोन डाग दाखवले. "हा कालचा. आणि हा जुना, काही महिन्यांपूर्वीचा. तेव्हा काही त्रास झाला होता का?"

आदल्या दिवशी ह्यांच्या डाव्या हातातून चहाचा कप निसटला, म्हणून आम्ही दवाखान्यात धावलो होतो. जुन्या डागाचं ऐकून मला आठवलं. उन्हाळ्यात एका सकाळी ह्यांना चक्कर आली होती, उलटी झाली होती. लू लागली असेल म्हणून मी पन्हं पाजून निजवलं. संध्याकाळी हे उठून बसले आणि मी दवाखान्याचा विषय सोडून दिला. तो स्ट्रोक होता, म्हणजे मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटला होता.

आणखी एक गोष्ट होती, ती मी डॉक्टरांना सांगितलीच नाही. आमच्या कुत्र्याची, भुऱ्याची.

आम्ही खुर्सीपारला राहतो. हे पोलादाच्या प्लांटच्या रेल्वे यार्डात शंटिंगला, म्हणजे डबे जोडायच्या-हलवायच्या कामाला होते. रिटायर झाल्यावर रस्त्यावरचं कुत्र्याचं एक पिल्लू घरी आणलं आणि त्याला शिट्टीवर तयार केलं. लांब शिट्टी म्हणजे ये, आखूड म्हणजे आहेस तिथेच थांब. भुऱ्या कधी चुकत नसे.

त्या उन्हाळ्यानंतर तो ऐकेनासा झाला. ह्यांनी शिट्टी मारली की मैदानात मधेच थांबायचा आणि बघत राहायचा. "मी त बलावून राहिलो, हा कावून येत नाही?" म्हणत हे चिडायचे. एकदा पट्टा धरून ओढत आणलं, तेव्हा त्याचा दात ह्यांच्या मनगटाला लागला. नुसतं खरचटलं. पण मी हट्ट धरला आणि त्याला जुनवानीला माझ्या भावाकडे नेऊन सोडलं. "राहू दे त्याले," हे म्हणाले होते. ऑटोत भुऱ्या सगळा रस्ताभर माझ्या पायाशी टेकून बसला होता.

औषधांनी हाताची ताकद हळूहळू परत आली. फोनवरचं बोलणं मात्र ह्यांना नीट उमजत नव्हतं, म्हणून कानांची तपासणी ठेवली. ऑडिओमेट्रीत, म्हणजे किती बारीक आवाज ऐकू येतो ते बघतात त्यात, कान ठीक निघाले. मग कान तपासणाऱ्या मॅडमनी दोन-दोन आवाज ऐकवून त्यातला लांब कोणता ते विचारलं. ह्याला ड्युरेशन डिस्क्रिमिनेशन म्हणतात, आवाज किती वेळ टिकला त्यातला फरक ओळखणं. हे पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिले, "दोन्ही सारखेच."

"आवाज ऐकू येणं वेगळं आणि तो किती वेळ चालला हे कळणं वेगळं," मॅडम म्हणाल्या. बेडूक, वटवाघूळ अशा प्राण्यांच्या मेंदूत काही पेशी आखूड आवाजालाच जाग्या होतात, काही लांब आवाजाला. आवाज कधी सुरू झाला आणि कधी संपला, हे जुळवून मेंदू त्याची लांबी ठरवतो. ह्यांच्या मेंदूत त्या कामाशी जोडलेला भाग दुखावला होता. "स्वतः काढलेला आवाज लांबला की लवकर तुटला, हेही त्यांना कळत नसेल."

हे म्हणाले, "म्हणजे माह्या शिट्ट्याच आखूड पडत होत्या. भुऱ्या बरोबर थांबत होता."

मला तिथे बसवेना. ह्यांच्या मेंदूत काही बिघडलंय, हे घरात त्या मुक्या जिवाला दिसत होतं आणि मी त्यालाच घराबाहेर काढलं होतं.

दवाखान्यातून सुटी झाल्यावर आम्ही जुनवानीला गेलो. हे भावाच्या पायरीवर नुसते बसून राहिले. भुऱ्या आला, ह्यांचा हात हुंगला आणि मांडीवर डोकं ठेवलं. मी हात पुढे केला तर मागे सरकला.

आता तो घरी आहे. ह्यांचा आवाजांचा सराव चालू आहे, थोडा फरकही पडतोय. तुमच्या घरात कुणाला अचानक चक्कर आली, उलटी झाली, तर उन्हावर ढकलू नका, लगेच दाखवा. बरं वाटलं तरी दाखवा. डॉक्टरांचे आणि त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही.

भुऱ्याची पोळी रोज मीच वाढते. मी आत गेल्यावर तो खातो. मीही आता लवकर आत जाते.